शेवटच्या शर्यतीचा डाव

ताई,

चार वर्षांपासून मी घोड्यांच्या शर्यतींचा अभ्यास करतो आहे. आदल्या रात्री तीन-तीन तास फॉर्म, म्हणजे घोड्यांच्या मागच्या धावांची नोंद, वाचतो, वेळा काढतो, वजनं बघतो, प्रत्येक डाव वहीत लिहितो. वर्षाला साधारण दोनशे डाव होतात. पाचातला एक घोडा लागतो. पहिली दोन वर्षं फायद्यात होतो. तिसऱ्या वर्षी ३३ ला १ भावाचा, म्हणजे लावलेल्या एका रुपयावर तेहेतीस रुपये फायदा देणारा, घोडा आला, तेव्हा वाटलं, आपल्याला हे जमलं. गेले सात महिने मात्र काही केल्या जमत नाही. मध्ये सलग चौदा डाव गेले, त्यातले दोन घोडे तर नाकाच्या फरकाने हरले. दिवसभरात गेलेलं शेवटच्या शर्यतीत भरून काढायला जातो आणि आणखी खोलात जातो. बचतीतून पैसे काढले आहेत, बायकोला त्यातले निम्मेच माहीत आहेत. माझी पद्धत चुकली, की ही नुसती वाईट पाळी आहे? थांबू, की टिकून राहू? या शनिवारी एक घोडा आहे, त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. लावू का?

— वहीवाला

प्रिय वहीवाला,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमच्या त्या तीन-तीन तासांचं कौतुक वाटलं, कारण मीही अशा रात्री काढल्या आहेत. मागच्या पाच धावांचे आकडे बोटाने एकेक करत वाचायचे, कुठल्या अंतरावर दमला, कुठल्या जॉकीबरोबर मोकळा धावला, हे मनात जुळवत बसायचं. त्यातला आनंद ज्याने घेतला नाही त्याला तो समजावून सांगता येत नाही. दुसऱ्यांदा वाचताना मात्र दोनच वाक्यांशी अडखळले. एक शेवटच्या शर्यतीचं आणि एक बायकोचं. तुम्ही ती दोन्ही वाक्यं जाता जाता लिहिली आहेत, पण माझं उत्तर त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

आधी तुम्ही विचारलंय त्याबद्दल.

सलग चौदा डाव गेले म्हणून पद्धत चुकली, असं म्हणता येत नाही. पाचातला एक घोडा लागत असेल, तर दोनशे डावांच्या ओघात सलग सोळा-सतरा हरण्याची एखादी साखळी येणं हेच मुळी सरासरीचं आहे. तुमची चौदाची साखळी त्याहून लहान. ज्याचे दहातले तीन घोडे लागतात, म्हणजे ज्याला आपण हुशार म्हणू, त्याच्याही वाट्याला दोनशे डावांत अकरा-बारा सलग हरण्याची वेळ येते. पहिल्यांदा हा हिशेब मांडला तेव्हा मला स्वतःला फार हलकं वाटलं होतं. तुम्हालाही वाटू दे, थोडा वेळ.

कारण तोच हिशेब उलट्या बाजूनेही लावावा लागतो. समजा सगळे डाव साधारण ४ ला १ भावाचे आहेत आणि रेसवाले दर शंभरातले सतरा आधीच कापून घेतात. आता डोळे मिटून कुठल्याही घोड्यावर लावणारी शंभर माणसं घ्या. दोनशे डावांनंतर त्यांच्यातले दहाएक जण फायद्यात असतील, काहीही न वाचता. त्या दहांपैकी प्रत्येकाला वाटत असेल की आपल्याला घोडा कळतो. तुमची पहिली दोन वर्षं त्या दहांतली होती की खऱ्या अभ्यासाची, हे नुसतं नफ्याच्या आकड्यावरून ना तुम्ही सांगू शकता ना मी.

म्हणून वही उघडा आणि तिसऱ्या वर्षातला तो ३३ ला १ चा घोडा त्यातून काढून टाका. सारख्या रकमेचे दोनशे डाव धरले, तर तो एकटा घोडा वर्षभरात लावलेल्या एकूण पैशावर साडेसोळा टक्के फायदा देतो. तो नसता तर ते वर्ष कसं दिसलं असतं, ते मांडून बघा. मला वाटतं, हे तुम्हाला आतून ठाऊक आहे, म्हणूनच पत्रात त्याचा भाव लिहिलात, पण वर्षाचा एकूण आकडा लिहिला नाहीत.

आता भावाबद्दल. हे जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या सगळ्या पत्रात घोड्याबद्दल खूप आहे आणि भावाबद्दल त्या एका आकड्याखेरीज काही नाही.

एकदा मी पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवाराच्या, कठड्याला टेकून उभी होते. फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सर्वात जास्त पैसे लागलेले असतात तो घोडा, माझ्यासमोरून गेला. मानेवर घामाचा फेस, मागच्या दोन पायांच्या मध्येही पांढरा फेस, कान मागे, आणि त्याला धरून चालवणारे दोघं अक्षरशः ओढले जात होते. हा घोडा शर्यत इथेच धावून मोकळा झाला, असं म्हणत मी दुसऱ्यावर लावले. तो फेव्हरिट चार लांबींनी, म्हणजे चार घोड्यांच्या अंतराने, पहिला आला. घरी जाताना मी स्वतःला दोष देत होते की माझं निरीक्षण चुकलं. निरीक्षण बरोबरच होतं. पण जे मला दिसलं ते त्या कठड्याशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसलं होतं, आणि लोक त्याच्यापासून मागे हटल्याने पॅडॉकमधून घोडे बाहेर पडेपर्यंत त्याचा भाव, म्हणजे जिंकल्यास मिळणारा फायदा, दुपटीच्या जवळ गेला होता. घाम भावात आधीच जमा झाला होता. मी तो पुन्हा एकदा वजा केला. त्या भावाला खरं तर तोच घोडा घेण्यासारखा होता.

कुठला घोडा जिंकेल, हे बहुतेकांना बऱ्यापैकी कळतं. सगळ्यांचे पैसे एकत्र मिळून ज्याला फेव्हरिट ठरवतात तो साधारण तीनातून एकदा जिंकतो, आणि कुणा एकट्या जाणकाराला सातत्याने त्याच्या वर जाणं फार अवघड असतं. खरा प्रश्न असा की घोड्याला जिंकण्याची जेवढी संधी आहे, त्याहून भाव जास्त मिळतोय का. २ ला १ भावाचा घोडा तीनातून एकदा आला तर बरोबरी होते. त्याची खरी संधी दहातून तीनदाच असेल, तर तो शर्यतीतला सर्वात चांगला घोडा असूनही डाव तोट्याचा. आणि पाचातून एकदाच येणारा घोडा ६ ला १ ने मिळत असेल, तर पाचातून चारदा हरूनही डाव फायद्याचा. सेक्रेटॅरिएट हा गाजलेला अमेरिकन घोडा १९७३ ची बेलमाँट स्टेक्स ही शर्यत ३१ लांबींनी जिंकला, तेव्हा दोन डॉलरच्या तिकिटावर फायदा होता वीस सेंटचा. पाच हजारांहून जास्त लोकांनी ती तिकिटं वटवलीच नाहीत, आठवण म्हणून जपून ठेवली. आणि त्याच उन्हाळ्यात, दोन महिनेही झाले नव्हते, तोच सेक्रेटॅरिएट ओनियन नावाच्या घोड्याकडून हरला. जगातला बहुधा सर्वात थोर घोडा, पण वीस सेंटच्या भावाने असा एक पराभव भरून काढायला दहा विजय खर्ची पडतात.

हँडिकॅप शर्यतीत तर हे आणखी कठीण. तिथे वजनं ठरवणाऱ्याचं कामच असं की चांगल्याला जास्त आणि कमजोराला कमी वजन देऊन सगळे घोडे कागदावर एकाच वेळी रेषेवर आणायचे. म्हणजे तुम्ही आदल्या रात्री जो फॉर्म वाचता तो त्याने तुमच्या आधी वाचलेला असतो आणि त्याचं उत्तर घोड्याच्या पाठीवर ठेवलेलं असतं. त्याने कुठे चूक केली ते तुम्ही शोधायचं, मग तीच चूक बाकीच्यांनाही दिसली का हे भावावरून ओळखायचं, आणि एवढं करून जे उरेल त्यातून रेसवाल्यांची कापणी भागवायची. विन (घोडा पहिला येईल) आणि प्लेस (पहिल्या काही घोड्यांत येईल) या डावांवर ही कापणी बहुतेक ठिकाणी शंभरामागे पंधरा ते वीसच्या घरात असते, फोरकास्ट आणि जॅकपॉटसारख्या, एकाहून जास्त घोडे किंवा शर्यती ओळखायच्या जोड-डावांत बहुधा त्याहून वर. सतरा टक्क्यांच्या कापणीने शंभर रुपये दहा वेळा फिरवले, तर सरासरी माणसाच्या हाती पंधराच्या आसपास उरतात. आणि लांब भावाच्या घोड्यांवर लोक त्यांच्या खऱ्या संधीपेक्षा जास्तच पैसे लावतात, हे १९४९ पासून अभ्यासक मांडत आले आहेत. तुमच्या ३३ ला १ च्या घोड्याने तुम्हाला कुठल्या दिशेला ढकललं असेल, याची मला काळजी वाटते.

याउपर कुणी जिंकतच नाही, असं म्हणणार नाही. बिल बेंटर नावाच्या अमेरिकन माणसाने हाँगकाँगमध्ये संगणकाच्या आधारे घोड्यांवर प्रचंड पैसा मिळवला, हे जगजाहीर आहे. पण त्याची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. सुरुवातीचे मोसम त्याचेही तोट्यात गेले. आणि १९९४ मध्ये त्याने आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली, त्यात एक गोष्ट स्पष्ट आहे: त्याच्या एकट्याच्या गणितापेक्षा, त्या गणितात लोकांचा भाव मिसळला की अंदाज जास्त बरोबर येतो. डझनावारी बाबी मोजणाऱ्या माणसाने गर्दीला काहीतरी कळतं हे मान्य केलं, मगच त्याचं चालायला लागलं. तुमच्या वहीत भाव मिसळलेला नाही, नुसता घोडा आहे.

नाकाने हरलेल्या दोन घोड्यांचं मनाला लावून घेऊ नका. हिशेबात ते दहा लांबींनी हरलेल्यासारखेच. ते जास्त दुखतात हे खरं, आणि ‘थोडक्यात चुकलं’ हा शब्द माणसाला पुन्हा तिकीट-खिडकीशी नेतो. पण थोडक्यात जिंकलेले घोडेही तुमच्या वहीत असतील, ते तुम्ही पत्रात लिहिले नाहीत.

आता शेवटची शर्यत.

कानेमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली माणूस जोखीम कशी पत्करतो यावर जो गाजलेला निबंध लिहिला, त्यात रेसकोर्सचा दाखला आहे. दिवस जसजसा संपत येतो तसे लोक लांब भावाच्या घोड्यांकडे वळतात. कारण सकाळपासून गेलेलं अजून ‘गेलं’ म्हणून त्यांनी स्वीकारलेलं नसतं, आणि एका फटक्यात बरोबरीला आणील असा घोडा फक्त लांब भावाचाच असतो. म्हणजे शेवटच्या शर्यतीत माणूस घोडा निवडत नाही. आपला तोटा भागेल असा भाव निवडतो, आणि मग त्या भावाचा घोडा शोधतो.

माझी अशी एक संध्याकाळ आहे. सहा शर्यती गेल्या होत्या. सातव्या शर्यतीचं मी आदल्या रात्री काहीही वाचलं नव्हतं, लहान वयाच्या घोड्यांची शर्यत, त्यातल्या निम्म्यांनी पूर्वी कधी धाव घेतलेली नव्हती. तरी खिडकीशी जाऊन मी नेहमीच्या चौपट रक्कम लावली. तिकीट घडी घालत घालत मुठीत इवलंसं करून टाकलं होतं. घोडे सुटले आणि लक्षात आलं की मला माझ्या घोड्याचं नाव आठवत नाही. नुसता नंबर माहीत होता. रंग कुठला, जॉकी कोण, काही माहीत नाही. तीन तास फॉर्म वाचणारी मी, आणि माझा त्या दिवसाचा सर्वात मोठा डाव एका नंबरावर. तो नंबर कितवा आला, तेही आज आठवत नाही. मुठीतल्या त्या घडीची टोचणी मात्र आठवते.

तेव्हा तुमच्या वहीत एक काम करा. सात महिन्यांचे सगळे डाव दोन रकान्यांत वेगळे काढा. एका रकान्यात आदल्या रात्री ठरवलेले आणि ठरवल्या रकमेचेच डाव. दुसऱ्यात तिथे उभं राहून ठरवलेले, वाढवलेले, शेवटच्या शर्यतीतले. दोन्हींची बेरीज वेगवेगळी करा. पहिला रकाना थोडासा तोट्यात आणि दुसरा खोल खड्ड्यात, असं निघालं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळालं: पद्धतीबद्दल अजून काही सांगता येत नाही, कारण गेले सात महिने तुम्ही तुमची पद्धत वापरलेलीच नाही.

रक्कम दुप्पट करत गेलं की कधीतरी सगळं परत मिळतंच, हा विचार मनात असेल तर तो काढून टाका. एकापासून सुरू करून दुप्पट करत गेलात, तर दहाव्या डावाला ५१२ लावावे लागतात आणि तोवर ५११ गेलेले असतात. तुमच्या चौदाच्या साखळीत चौदावा डाव ८,१९२ चा झाला असता. बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधनसंस्थेतल्या जॉन केलीने १९५६ मध्ये डावाच्या रकमेचं जे सूत्र मांडलं ते याच्या अगदी उलट आहे. त्यात गाठीशी असलेल्या पैशाचा ठराविक हिस्साच लावायचा असतो, म्हणून पैसा घटला की डावही घटतो. आणि तुमच्या बाजूने भाव नसेल तर त्याच्या सूत्राचं उत्तर शून्य येतं.

आता तुमच्या बायकोबद्दल, आणि हे मी फार कळकळीने लिहिते आहे. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदानग्रंथात जुगाराचा विकार दारू आणि मादक द्रव्यांच्या व्यसनांच्या शेजारी ठेवला. त्याची नऊ लक्षणं दिली आहेत, वर्षभरात चार दिसली तरी निदान होतं. हरलेलं परत मिळवायला पुन्हा पुन्हा जाणं हे त्यातलं एक. आपण किती गुंतलो आहोत हे लपवण्यासाठी खोटं बोलणं हे दुसरं. निम्मं सांगणं म्हणजे निम्मं लपवणंच, आणि ही दोन तुमच्या पत्रातच आहेत. बाकीच्यांपैकी काही मी विचारते, उत्तरं तुमच्यापाशी ठेवा. पूर्वीच्या रकमेत आता मजा येत नाही, असं झालंय का? कमी करायचं ठरवून जमलं नाही, असं किती वेळा झालं? ज्या दिवशी लावता येत नाही त्या दिवशी चिडचिड होते का? मन खराब असलं की पाय आपोआप तिकडे वळतात का? यातल्या दोनांना ‘हो’ असेल, तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. गॅम्बलर्स अॅनॉनिमस ही जुगार सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९५७ पासून आहे. तिथे तुमच्यासारखीच माणसं बसलेली असतात, आणि त्यांना फेव्हरिट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

तुम्हाला आजार आहे, असं मी पत्रावरून ठरवत नाही, तो माझा अधिकार नाही. पण बायकोला सांगायला निदानाची गरज नाही. उरलेली निम्मी रक्कम सांगा. ‘लवकरच भरून काढतो’ हे वाक्य त्याला जोडू नका, कारण तिला त्या वाक्यात पुढचा डाव ऐकू येईल, आणि ते बरोबरच असेल. वही तिच्यासमोर ठेवा, दोन्ही रकाने दाखवा. बचतीचं खातं काही काळ तिच्या एकटीच्या हाती राहू दे. ती रागावेल. रागावण्याचा तिला हक्क आहे, तेव्हा त्या दिवशी तुम्ही भावाचं गणित समजावून सांगायला बसू नका.

मग थांबायचं का? हो, पैसे लावणं आता थांबवा. अभ्यास सोडा, असं मी म्हणत नाही, जर त्या नऊ लक्षणांतून तुम्ही सुटलात तर. पुढचे दोनशे डाव नुसते वहीत लिहा. शर्यतीच्या आधी, घोड्याची तुम्हाला वाटणारी संधी शंभरात किती हे लिहा, त्यासमोर त्या क्षणीचा भाव लिहा, आणि घोडे सुटताना शेवटचा भाव काय होता तो लिहा. नफा-तोट्याआधी हा शेवटचा आकडा बघा. तुम्ही ८ ला १ ला हेरलेले घोडे सुटताना वारंवार ५ ला १ वर आलेले असतील, म्हणजे नंतर इतरांचेही पैसे त्यांच्यावर आले असतील, तर तुम्हाला काहीतरी इतरांच्या आधी दिसतंय. ते उलट १२ ला १ वर जात असतील, तर इतरांना दिसतंय ते तुम्हाला दिसत नाही. नफ्याच्या आकड्याला खरं बोलायला हजारावर डाव लागतात. हा रकाना त्याच्या कितीतरी आधी बोलतो.

पैसे न लावता या रात्री रुक्ष वाटतील का, हेही कळेल. मला सुरुवातीला वाटल्या. नंतर एक दिवस लक्षात आलं की शेवटच्या वळणावर मी सगळे घोडे बघते आहे, आधी फक्त माझाच दिसायचा.

राहिला या शनिवारचा घोडा. त्याचा तुम्ही मला भाव सांगितला नाहीत. ‘पूर्ण विश्वास’ म्हणालात, तर शंभरातले किती? ऐंशी? चाळीस? तो आकडा आज रात्रीच वहीत लिहा, समोर भाव लिहा, आणि शनिवारी शर्यत बघा. तिकीट काढू नका. तो जिंकला तर रविवारी तुम्हाला फार जड जाईल, हे मला माहीत आहे. त्या रविवारी मला लिहा.

— तुमची ताई